बार्लीला चालेल का?

नॉर्डबी, नॉर्थ डकोटा
११ जानेवारी २०१२

प्रिय व्हर्ना,

नाताळचं कार्ड पोचलं. तू मजेत असशील. इथे थंडी आहे, पण फार वाईट नाही.

तुला त्रास द्यायचं कारण तसं लहानच आहे. तू इतकी वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलंस, म्हणून वाटलं तुला ठाऊक असेल. ऑरिन गेला तेव्हा लोकांनी ज्या कुंड्या पाठवल्या, त्या सगळ्या मी चर्चमधून घरी आणल्या. तू भावाच्या अंत्यविधीनंतर लगेच निघालीस, त्यामुळे पाहिल्या नसशील. पुढच्या खोलीत खिडकीशी, पियानोवर, ऑरिनच्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना, सगळीकडे त्याच आहेत. येणारे-जाणारे म्हणतात, आर्डिस, तुझ्या हाताला गुण आहे. कसला गुण! मी नुसतं पाणी घालते.

गोष्ट बार्लीची आहे. बार्ली म्हणजे ऑरिनची मांजर. धान्याच्या कोठारावरून तो तिला कोटाच्या खिशात घालून घेऊन आला होता. मी म्हटलं होतं, मांजर घरात नको. आता त्याच घरात ती आणि मी, दोघीच आहोत. परवा तिच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती आणि ती पंज्याने तोंड खरवडत होती. दिवसभर दुधालाही शिवली नाही. मोठ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांचं एक झाड आहे, त्याच्या खालच्या पानाला दातांच्या खुणा दिसल्या. त्यानेच झालं असेल का?

फोन करायला हवा होता, पण कानाला यंत्र लावूनही फोनवर मला खरखरच ऐकू येते. म्हणून लिहिते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आर्डिस


डुलूथ, मिनेसोटा
१६ जानेवारी २०१२

आर्डिस,

उत्तर दिलं नाही तरी चालणार असेल, तर प्रश्न विचारू नये. मी उत्तर देते आहे.

ते ठिपक्यांचं झाड म्हणजे डिफेनबेकिया. त्याच्या पानात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत आणि टाळ्यात घुसतात. तोंड सुजतं, गिळता येत नाही. मांजर सहसा मरत नाही, पण हाल होतात. तुझ्याकडे पीस लिलीही असणार, कारण ती पाठवल्याशिवाय आपल्या लोकांना कुणाला पुरता येत नाही. तिच्यातही तेच स्फटिक. फिलोडेंड्रॉन आणि मनी प्लांट याच कुळातले. आयव्ही आणि कोरफडही नको.

बाकीची झाडं कोणती ते मला इथे बसून कळणार नाही. प्रत्येकाचं एकेक पान कागदात घालून पाठव. तोवर सगळ्या कुंड्या गराजमध्ये ठेव. तिथे गारठतील म्हणशील. गारठू देत. मांजर पान खाते यात तिचा दोष नाही. जानेवारीत तुमच्या गावात तिला दुसरं हिरवं काय दिसतं?

आणि एक. झाडाला हे माहीत नसतं, की आपण कुणाच्या अंत्यविधीला आलो होतो. ते तुझ्या डोक्यात आहे.

व्हर्ना


नॉर्डबी
२ फेब्रुवारी २०१२

प्रिय व्हर्ना,

पानं सोबत आहेत. टेलिफोनच्या जाड पुस्तकात दाबून ठेवली होती. एक जरा काळं पडलंय, त्याबद्दल माफ कर.

कुंड्या गराजमध्ये ठेवणं जमलं नाही. त्याचं असं आहे. डिफेनबेकिया लव्हॉन टोलेफसनने दिलाय, पलीकडच्या घरातली. दर गुरुवारी ती कॉफीला येते. आत पाऊल टाकलं की तिची नजर आधी झाडाकडे जाते आणि मग माझ्याकडे.

"माझं झाड कसं आहे गं?" ती विचारते.

"मजेत आहे."

"सरकवलंस वाटतं."

"थोडंसं. उन्हासाठी."

"ऊन त्या बाजूला आहे, आर्डिस."

मग मी कॉफी ओतते. आता ते झाड मी फ्रिजवर ठेवलंय. बार्ली फ्रिजवरही चढते, तिने कोठाराच्या शिड्या चढलेल्या आहेत. मग मी फ्रिजजवळची खुर्ची काढली, तर ती ओट्यावरून जायला लागली. दिवसभर मी तिच्यामागे आणि ती झाडामागे. खोटं कशाला सांगू, दिवस बरा जातो.

तू म्हणतेस ते खरं असेल, झाडाला काही माहीत नसतं. पण ऑरिनचे बूट लव्हॉनच्या नवऱ्याला बसले, ते तो घेऊन गेला. कोट चर्चच्या विक्रीत गेला, आणि मागच्या रविवारी तो मला कुणाच्यातरी अंगावर पुढच्याच बाकावर दिसला. कुंड्या गेल्या तर उरलं काय?

बार्ली उरली, म्हणशील. म्हणूनच विचारते. खिडकीत काय ठेवलं तर बार्लीला चालेल?

आर्डिस


डुलूथ
९ फेब्रुवारी २०१२

आर्डिस,

पानं नीट दाबली होतीस. काळं पडलेलंही ओळखू आलं.

काटे नसलेल्या निवडुंगाचं चपटं पान म्हणजे ख्रिसमस कॅक्टस. ते ठेव, मांजराला काही होत नाही. केसाळ, गोल पान आफ्रिकन व्हायोलेटचं, तेही ठेव. बाकी सगळं घराबाहेर काढ. ज्या जाड पानाला तू 'गोड दिसणारं' लिहिलं आहेस ते कलांचो आहे, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. गोड दिसण्यावर जाऊ नकोस.

लव्हॉनला सांगायचं वाक्य असं: "तुझं झाड माझ्या मांजराला अपाय करतं, परत घेऊन जा." एवढंच. मी वर्गात याहून कठीण वाक्यं रोज बोलत होते आणि कुणी मेलं नाही.

खिडकीत काय ठेवावं: स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, होया, पेपेरोमिया. कोपऱ्यात ऊन येत नसेल तर अ‍ॅस्पिडिस्ट्रा. त्याची पानं रुंद आणि चिवट असतात, दुर्लक्ष केलं तरी ते जगतं. यातलं कुठलंही बार्लीने चावलं, तर फार तर ओकेल. रोपं मी मिळवून पाठवीन. मात्र या थंडीत पोस्टाने पाठवली तर वाटेतच मरतील. एप्रिल अखेरपर्यंत थांब.

आता सर्वांत महत्त्वाचं, ते दोनदा वाच. ईस्टर ८ एप्रिलला आहे. तुमच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसांच्या नावाने वेदीपुढे लिलीच्या कुंड्या मांडतात आणि प्रार्थना संपली की घरोघर पोचवतात. यंदा ऑरिनच्या नावाची असणार. ती लिली पीस लिलीसारखी नाही. तिचं पान, फूल, अंगावर सांडलेले पराग, कुंडीखालच्या बशीतलं पाणी, यातलं काहीही पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. डिफेनबेकियाने तोंड पोळतं. लिलीने मांजर मरतं. ती उंबरठ्याच्या आत येता कामा नये.

ईस्टरला मी येऊ का? कळव.

व्हर्ना


नॉर्डबी
१ मार्च २०१२

प्रिय व्हर्ना,

कुंड्या गेल्या. एकेक करून दिल्या. पीस लिली बँकेतल्या बाईंना, आयव्ही पाद्रीबाबांना, कलांचो शाळेला. प्रत्येकाला वाटलं मी फार उदार झालेय.

लव्हॉनचं मात्र तुझ्या वाक्याने जमलं नाही. मी म्हटलं, "माझ्याकडे ऊन कमी पडतं गं." तर दुसऱ्या दिवशी ती झाडासाठी वेगळा दिवा घेऊन आली. पदरमोड करून आणला होता. मग मी म्हटलं, "वीजबिल वाढेल." तर म्हणाली, "मी भरते." शेवटी सांगावंच लागलं, की बार्ली पान चावते आणि तिचं तोंड सुजतं. लव्हॉनने बार्लीकडे पाहिलं. म्हणाली, "मांजर काय, शिकेल." पण झाड घेऊन गेली. दिवाही घेऊन गेली.

खोली आता मोठी वाटते. कुंड्या होत्या तिथे खिडकीच्या फळीवर गोल डाग उरलेत. बार्ली त्यांच्यावर बसते आणि रस्त्याकडे बघते. रस्त्यावर काही नसतं, पण आम्ही दोघी बघतो.

लिलीचं लक्षात आहे. महिला मंडळात मी सांगून ठेवलंय, की ऑरिनच्या नावाची लिली ठेवा, पण ती चर्चमध्येच राहू दे.

तू येऊ का म्हणून विचारलंस. छे छे, एवढ्या लांब कशाला! रस्त्यावर अजून बर्फ असतं आणि तुला तुझी कामं असतील. माझं ठीक चाललंय.

आर्डिस


डुलूथ
८ मार्च २०१२

आर्डिस,

ठीक. येत नाही. स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस.

खिडकी कुठल्या दिशेला आहे ते कळव. त्यावर फर्न ठरेल.

व्हर्ना


नॉर्डबी
२० एप्रिल २०१२

प्रिय व्हर्ना,

पत्राला उशीर झाला. ईस्टर छान झाला. गाणारे कमी होते, पण बरे गायले. ऑरिनचं नाव वाचलं. त्याच्या पुढचं नाव वाचेपर्यंत पाद्रीबाबा जरा थांबले, ते मला आवडलं. दुपारी लव्हॉनकडे जेवले.

खिडकी पूर्वेला आहे. बर्फ गेलंय, अंगणात चिखल आहे, फार वाईट नाही.

रोपांचं तू म्हणाली होतीस. बोस्टन फर्न बार्लीला चालेल ना? किती पाणी लागतं, कुंडी केवढी घ्यायची, माती कसली, सगळं सविस्तर लिही. घाई नाही. पण सविस्तर लिही.

आर्डिस


डुलूथ
२५ एप्रिल २०१२

प्रिय आर्डिस,

"सविस्तर लिही" असं मला शाळा सुटल्यापासून कुणी म्हटलेलं नाही. तेव्हा आता भोग.

खोकं वेगळं पाठवलं आहे. पोस्टातल्या तरुणाला मी दोनदा बजावलं, की ही बाजू वर. त्याने मान हलवली, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. आत बोस्टन फर्न आहे, स्पायडर प्लांटची तीन पिल्लं आहेत आणि एक अ‍ॅस्पिडिस्ट्रा. फर्नला पूर्वेची खिडकी उत्तम, पण तुमची घरं हीटरने कोरडी होतात. म्हणून कुंडीखाली खड्यांची थाळी ठेव आणि तीत पाणी घाल. कुंडीचं बूड पाण्याला टेकू देऊ नकोस. फर्नची माती हाताला ओलसर लागली पाहिजे, चिखल नको. पानं गळू लागली तर घाबरू नकोस. फर्नला घर बदललेलं आवडत नाही. तो महिनाभर रुसतो आणि मग कुणी समजूत काढत नाही हे पाहून वाढायला लागतो. माझ्या वर्गात अशी बरीच मुलं असायची.

स्पायडर प्लांट उंच टांग. बार्लीला त्यापासून धोका नाही, त्याला बार्लीपासून आहे. ती लोंबणारी पानं पाहून कुठल्याही मांजराचा जीव राहत नाही. तिचं मन रमावं म्हणून एका पसरट थाळीत ओट पेर. आठवडाभरात गवत येईल, ते तिचं तिला खाऊ दे. हक्काचं असलं की दुसऱ्याचं कमी खातात. हे माणसांत कमी दिसतं.

तिचं कसं आहे ते तू लिहीत नाहीस. लाळ थांबली का? पाणी पिते का? खिडकीत बसते का अजून?

मागची खोली मी पत्रांसाठी लावून घेतली आहे. तिथून सरोवर दिसतं. आज एक मोठं जहाज बंदराबाहेर थांबलं होतं, धुकं हटण्याची वाट पाहत. संध्याकाळपर्यंत मी अधूनमधून जाऊन पाहत होते. तुला लिहिण्याचं काम नसतं, तर मी खिडकीशी गेले नसते.

व्हर्ना


नॉर्डबी
१० मे २०१२

प्रिय व्हर्ना,

खोकं सरळ आलं. रोपांबद्दल आभार मानत नाही. माझी आई म्हणायची, रोप दिल्याचे आभार मानले तर ते जगत नाही. तू हसशील, पण मी धोका घेणार नाही.

फर्न रुसलाय, तू म्हणालीस तसाच. अ‍ॅस्पिडिस्ट्रा पियानोशेजारी उभा आहे, पाहुणा असल्यासारखा. स्पायडर प्लांट खिडकीत टांगलाय. बार्ली दिवसभर त्याच्याखालीच बसते. ऊन सरकलं की तीही सरकते. लाळ वगैरे काही नाही. ओट उगवलेत, हिरवेगार आहेत.

तू जहाजाचं लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. मग ते गेलं का आत?

होयाबद्दल लिहायचं राहिलं का तुझं? तो बार्लीला चालेल का? आणि पेपेरोमिया? लव्हॉन म्हणते पेपेरोमियाचे बरेच प्रकार असतात. सगळे चालतात का? एकेकाचं वेगळं लिही.

आर्डिस


नॉर्डबी
२४ मे २०१२

मिस हाल्वर्सन यांना,

आपण ऑरिनच्या अंत्यविधीला भेटलो होतो. कॉफीच्या टेबलामागे मी होते, लाल चष्म्याची. मी लव्हॉन टोलेफसन, आर्डिसची शेजारीण. तुमचा पत्ता पाकिटावर पाहिला. आर्डिसचं टपाल मीच आणून देते, हल्ली तुमची पाकिटं चांगली जाड असतात. तुम्हाला लिहितेय हे आर्डिसला ठाऊक नाही.

तुम्ही झाडांतल्या जाणकार, म्हणून विचारते. तिचा वाढदिवस जूनमध्ये आहे. तिला मी एखादं झाड देऊ का, आणि कुठलं देऊ? आता मांजर नाही म्हटल्यावर कुठलंही चालावं, असं माझा नवरा म्हणतो. पण ती म्हणाली, "व्हर्नाला विचारल्याशिवाय मी घरात पान घेत नाही." म्हणून तुम्हीच सांगा.

मांजराचं आर्डिसने तुम्हाला कळवलं असेलच. कसं कळवलं असेल देव जाणे. तेव्हा माझी बाजूही ऐका. ईस्टरच्या लिल्या घरोघर पोचवायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं. आर्डिस म्हणाली, "माझी राहू दे इथेच." आता तुम्हीच सांगा, तुम्ही याच भागातल्या आहात, आपल्याकडे कुणी पहिल्यांदा हो म्हणतं का? केकचा तुकडा पुढे केला तरी लोक "नको, पोट भरलंय" म्हणतात, दुसऱ्यांदा "अगदी छोटा" म्हणतात आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतात. मी म्हटलं, "अगं, तुझ्या ऑरिनची आहे." ती म्हणाली, "नको लव्हॉन, खरंच नको." मला वाटलं, आता एकदाच उरलं. म्हणून तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ती आमच्याकडे जेवत होती तेवढ्यात मी मागच्या दाराने जाऊन तिच्या टेबलावर लिली ठेवून आले. घरी गेल्यावर बरं वाटेल तिला, म्हणून.

मांजर लिलीने मरतं हे मला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली असती तर मी कुंडी पुलावरून नदीत टाकली असती. सणाचा दिवस, जनावरांचा डॉक्टर शेजारच्या गावी, त्याचं दार बंद. सोमवारी त्याने सलाइन लावलं, म्हणाला उशीर झाला. बुधवारी गेली. जमीन अजून कडक होती, माझ्या नवऱ्याने पहारीने खड्डा केला.

आर्डिस नुसतं "फार वाईट नाही" म्हणाली आणि कॉफी ओतली. तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप आली असती.

झाडाचं लवकर कळवा.

आपली,
लव्हॉन टोलेफसन


डुलूथ
२९ मे २०१२

आर्डिस,

लव्हॉनचं पत्र आलं. बार्ली ईस्टरच्याच आठवड्यात गेली.

१० मेच्या पत्रात तू लिहिलंस, की ती स्पायडर प्लांटखाली बसते आणि उन्हाबरोबर सरकते. तेव्हा ती जाऊन महिना झाला होता. मी पेपेरोमियाच्या प्रकारांवर पाच पानं लिहून ठेवली आहेत. ती अजून पाठवलेली नाहीत.

मी रागावलेली नाही. मला कारण हवं आहे.

व्हर्ना


नॉर्डबी
४ जून २०१२

व्हर्ना,

कारण विचारलंस म्हणून लिहिते. नाहीतर लिहिलं नसतं.

रविवारी संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा लिली टेबलावर होती आणि बार्ली तिच्या शेजारी बसून तोंड पुसत होती. नाकाला पिवळं लागलं होतं. तू लिहिलेलं मला पाठ होतं. म्हणून मला त्याच क्षणी कळलं. तीन दिवस मी ते धरून बसले आणि तिला काहीच कळत नव्हतं. ती मांडीवर येऊन झोपत होती.

ती गेल्यावर मी तुला लिहायला बसले. बार्ली गेली, असं लिहिलं. मग विचार केला, तू काय उत्तर देशील? दोन ओळी लिहिशील. वाईट झालं, मी सांगितलं होतं, अशा. आणि मग नाताळचं कार्ड येईल. माझ्या लग्नापासून तुझं तेच येतं, आत छापलेल्या ओळी आणि खाली तुझं नाव. ऑरिन ते रेडिओवर उभं करून ठेवायचा आणि म्हणायचा, "बहीण ठीक आहे म्हणायची." बार्लीमुळे पहिल्यांदा तुझ्या हातची पानंच्या पानं यायला लागली. मातीबद्दल असतील, पण पाकिटावर माझं नाव होतं. बार्ली गेली तर ती थांबणार. म्हणून मी तिला जाऊ दिलं नाही.

स्पायडर प्लांटखाली ती बसते हे खोटं आहे. तिथे मी बसते. ऑरिनची खुर्ची मी तिथे ओढून घेतलीय. ऊन सरकलं की खुर्चीही सरकवते. ओट मात्र खरेच उगवले होते. वाढून पिवळे पडले.

आणि तू विचारलंस म्हणून हेही लिहिते. तू ईस्टरला येऊ का म्हणालीस आणि मी छे छे म्हटलं. मग रोज मी टपालाची वाट पाहिली, की तू पुन्हा विचारशील. तुझं पत्र आलं, "ठीक, येत नाही." लव्हॉनला मी जीव तोडून नको म्हटलं, ते तिला पटलं नाही. तुला मी उगाच नको म्हटलं, तर तुला लगेच पटलं. तू आली असतीस तर घरी कुणीतरी असतं. मी तुला दोष देत नाही. पण हे माझ्या मनात आलंय आणि जात नाही.

आता तुला लिहायला कारण नाही. रोपांची काळजी करू नकोस, मी पाणी घालते.

आर्डिस


डुलूथ
११ जून २०१२

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग घरभर फिरले.

माझ्या घरात काय काय आहे ते तुला माहीत नाही, कारण तू कधी आली नाहीस, आणि मी बोलावलं नाही. पुढच्या खिडकीत कण्हेर आहे. जिन्याशी सायकस. डिफेनबेकिया माझ्याहून उंच झाला आहे. मनी प्लांट पडद्याच्या दांडीवरून फिरून पुस्तकांच्या कपाटावर उतरला आहे. तुला पाठवण्याजोगं माझ्याकडे एकही रोप नव्हतं. सगळी विकत आणली. एकही असं नाही, जे मी तुला घराबाहेर काढायला सांगितलं नसतं. इथे इतकी वर्षं सगळं चाललं, कारण पान चावणारं कुणी नव्हतं. कधी कुणी येईल आणि त्याला हे चालेल का, असा विचार मला करावाच लागला नाही. तुला पत्रं लिहिताना मला वाटायचं, मी तुझ्या घराची व्यवस्था लावते आहे. ते काम मला फार आवडत होतं. संपू नये असं वाटत होतं, हे आता कळतं.

मार्चमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा माझी बॅग भरलेली होती. 'छे छे' वाचलं आणि कपडे परत कपाटात ठेवले. तीन-तीनदा विचारणं ऑरिनला जमायचं, आईलाही जमायचं. मी मुलांना एकदा विचारायची आणि येईल ते उत्तर लिहून घ्यायची. मला दुसरं येत नाही आणि या वयात येणार नाही.

लव्हॉनला मी उत्तर पाठवलं आहे, की तिने झाड देऊ नये. तुझ्याकडे बसून तुझ्या शिव्या खाव्यात. तू त्या दे.

आता माझा प्रश्न. मी २२ तारखेला येऊ का? दोन दिवसांसाठी विचारत नाही. उन्हाळाभर राहीन. कण्हेर आणि बाकीचं शाळेला देऊन टाकते आहे, त्यामुळे इथे पाणी घालायला कुणी लागणार नाही. मी एकदाच विचारते आहे. तू नको लिहिलंस, तर मी नको असंच समजेन, आणि तो माझा हट्ट नसेल, मला तेवढंच समजतं. म्हणून जे खरं असेल ते लिही.

ते जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी आत आलं. तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

तुझी,
व्हर्ना


नॉर्डबी
१६ जून २०१२

व्हर्ना,

ये.

याआधी दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हींत "कशाला एवढा त्रास" असं लिहून गेले होते. हात आपोआप जातो.

येताना तुमच्याकडच्या सरोवराचा, धुरी दिलेला मासा आण. इथे मिळतो तो कोरडा असतो. मोठा आण. घरात आता वाटेकरी नाही, तरी मोठाच आण. मला हवाय.

आर्डिस